काउन्टी कॉलेजची नर्स

वाचकाचे पत्र:
मी ३६ वर्षांची असून गेली अकरा वर्षे न्यू जर्सीत, एडिसनला राहते. शिवाजी विद्यापीठातून २०११ साली सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाले. मुले लहान होती म्हणून इतकी वर्षे घरीच राहिले. आता धाकटा शाळेत जाऊ लागला आहे आणि एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर मला कामाचा परवानाही मिळाला आहे. मला नर्स व्हायचे आहे. यजमानांचे एक सहकारी म्हणतात, खासगी विद्यापीठाचा पंधरा महिन्यांचा बी.एस.एन., म्हणजे नर्सिंगच्या बॅचलर्स पदवीचा अभ्यासक्रम, करा, कर्ज फिटून जाते. शेजारची मैत्रीण म्हणते, वर्षभरात एल.पी.एन., म्हणजे मर्यादित कामाचा परवाना असलेली नर्स, हो, लगेच पगार सुरू. मला स्वतःला कम्युनिटी कॉलेज परवडेल असे वाटते. पण नात्यातल्या एका डॉक्टर काकांनी ‘दोन वर्षांची पदवी म्हणजे अर्धी नर्स’ असे सुनावले. आईला तर नर्सिंगच पसंत नाही. ‘फर्स्ट क्लास मिळवून शेवटी बेडपॅन उचलणार का?’ असे तिने फोनवर विचारले. माझी नणंद सांगलीला जी.एन.एम. झालेली स्टाफ नर्स आहे, तिलाही इकडे यायचे आहे. आम्ही दोघींनी काय करावे?

उत्तर:
प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या काकांच्या शेऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्या एका वाक्याने तुमचा धीर खचलेला दिसतो. कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातून, मिळते ती असोसिएट पदवी आणि विद्यापीठातून मिळते ती बी.एस.एन., हा फरक खरा आहे. मात्र नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे आर.एन., होण्यासाठी दोघींनाही एन्क्लेक्स-आर.एन. ही एकच परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेत तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती अवघड असावा हे संगणक ठरवत जातो. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या स्वरूपात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, वेळ पाच तासांचा असतो आणि निकालात गुण न देता केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळवतात. त्यानंतर राज्याचे नर्सिंग बोर्ड जो परवाना देते, तो दोघींचा एकच असतो. मी स्वतः काउन्टी कॉलेजमधून (न्यू जर्सीत काउन्टीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजला असे म्हणतात) शिकले आहे आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही रुग्णाने मला माझी पदवी विचारलेली नाही. सुई टोचताना दुखेल का, हे मात्र सगळेच विचारतात.

ही पदवी कमी प्रतीची म्हणून जन्माला आली असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांची मोठी टंचाई होती, आणि तेव्हा बहुतेक मुली इस्पितळांच्या स्वतःच्या शाळांत तीन वर्षांची पदविका घेत असत, आपल्याकडच्या जी.एन.एम.चा मूळ साचा तोच. त्या पद्धतीत शिकणे कुठे संपते आणि इस्पितळाला स्वस्तात मनुष्यबळ पुरवणे कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड असे. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये लिहिलेल्या प्रबंधात हे शिक्षण कॉलेजात, आखीव अभ्यासक्रमाने आणि कमी काळात देण्याची कल्पना मांडली, आणि १९५२ पासून सात कॉलेजांत तिचा प्रयोग सुरू झाला. मॉन्टॅग यांच्या मनातली ही परिचारिका ‘तांत्रिक’ कामापुरती आणि पदवीधर परिचारिकेच्या देखरेखीखाली काम करणारी होती, हे काकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुढे मात्र परीक्षा आणि परवाना एकच राहिल्यामुळे तो भेद वॉर्डात टिकला नाही.

काकांचा दुसरा एक मुद्दा, जो त्यांनी मांडला नाही पण मांडायला हवा होता, तो नोकरीचा आहे. मोठी शैक्षणिक इस्पितळे नव्या भरतीत बी.एस.एन. असलेल्यांना पसंती देतात किंवा ठराविक मुदतीत ती पदवी घेण्याची अट घालतात. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला, ज्यानुसार त्यानंतर तयार होणाऱ्या आर.एन.ने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत नर्सिंगची बॅचलर्स पदवी घेतली पाहिजे. न्यू जर्सीत असा कायदा नाही, पण एडिसनच्या स्टेशनावरून रोज गाडी धरून मॅनहॅटनला जाणारी माणसे तुमच्याही ओळखीत असतील, तेव्हा ही अट लक्षात असू द्या. बी.एस.एन. तुम्हाला आज ना उद्या करावीच लागेल असे धरून चला. फक्त ती आधी कर्ज काढून करायची, की नोकरी लागल्यावर ऑनलाइन करायची आणि जमल्यास त्या फीचा काही भाग इस्पितळाकडून मिळवायचा, एवढाच प्रश्न उरतो. माझे मत दुसऱ्या मार्गाकडे झुकते.

आता ‘दोन वर्षे’ या शब्दाबद्दल, कारण तुमची फसगत काकांच्या शेऱ्यापेक्षा इथे होण्याची शक्यता जास्त आहे. दोन वर्षे म्हणजे नर्सिंगच्या विषयांची चार सत्रे, आणि ती सुरू होतात प्रवेश मिळाल्यावर. प्रवेशासाठी अर्ज करण्याआधी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, ज्यांना इथे सगळे ‘ए अँड पी वन’ आणि ‘टू’ म्हणतात, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, आणि कॉलेजप्रमाणे रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र एवढे विषय चांगल्या श्रेणीने पूर्ण असावे लागतात, किंवा निदान त्यांतले बरेचसे. यांत प्रयोगशाळेचे विषय एका सत्रात एकापेक्षा जास्त घेऊ नका, विशेषतः मुले शाळकरी असताना. म्हणजे पहिले दीड वर्ष या तयारीत जाते, मग अर्जाच्या निकालाची वाट पाहणे, मग चार सत्रे. तुमच्या परिस्थितीत साडेतीन ते चार वर्षे हा प्रामाणिक हिशेब आहे, आणि जो कोणी तुम्हाला याहून कमी सांगेल त्याला पूर्वतयारीचे विषय धरले का, एवढे विचारा.

इथे तुमच्या बी.एस्सी.चा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. बहुतेक कॉलेजे विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांहून जुने असतील तर ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी असूनही सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग तुम्हाला बहुधा पुन्हा करावा लागेल. गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या, कारण मानव्यविद्या आणि सामान्य विषयांची काही क्रेडिट सुटू शकतात आणि तेवढे पैसे वाचतात. विज्ञानात मात्र सूट मिळवण्यासाठी कार्यालयात हेलपाटे घालू नका. जो विषय एकेकाळी येत होता त्यात सहज ‘ए’ मिळतो, आणि जागा मोजक्या व अर्जदार भरपूर असताना ती ‘ए’ श्रेणीच तुमची निवड करते. निवडीसाठी अनेक कॉलेजे टीज नावाची परीक्षाही घेतात. तिच्यात २०९ मिनिटांत वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे १७० प्रश्न असतात. त्यातले गणित तुम्हाला सातवी-आठवीचे वाटेल. वेळ जातो तो इंग्रजी उताऱ्यांत.

फीच्या बाबतीत न्यू जर्सीची १८ काउन्टी कॉलेजे आपल्या काउन्टीच्या रहिवाशाला सर्वांत कमी, दुसऱ्या काउन्टीच्या विद्यार्थ्याला जास्त आणि राज्याबाहेरच्याला त्याहून जास्त दर लावतात. एच-फोर व्हिसावर व्यक्तीला शिक्षण घेता येते, त्यासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. मात्र रहिवाशाचा दर लागू करताना कोणती कागदपत्रे चालतील हे त्या कॉलेजच्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्या. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत एच-फोरवर मिळत नाही, ग्रीन कार्ड आल्यावर मिळू शकते. एखादा अभ्यासक्रम तुमच्या काउन्टीच्या कॉलेजात नसेल आणि तुम्ही शेजारच्या काउन्टीत शिकलात, तर वरचा फरक आपल्या काउन्टीकडून भरून मिळण्याची ‘चार्जबॅक’ नावाची सोय आहे. हा शब्द कार्यालयात आपण होऊन उच्चारावा लागतो.

आता शेजारणीच्या सल्ल्याकडे येते. एल.पी.एन. हा साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, त्याची एन्क्लेक्स-पी.एन. ही वेगळी परीक्षा असते आणि कामाचा आवाकाही मर्यादित असतो. बहुतेक एल.पी.एन. वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्रे आणि दवाखान्यांत काम करतात; इस्पितळाच्या तीव्र आजारांच्या विभागात त्यांना जागा कमी. कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकड्यांत देशभरातल्या आर.एन.चे मध्यक वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर आणि एल.पी.एन.चे ६२,३४० डॉलर होते. घरात पैशाची तातडीची निकड असेल तर एल.पी.एन. होऊन पुढे जोड-अभ्यासक्रमाने आर.एन. होणे हा सन्मानाचा मार्ग आहे. तुमच्या पत्रात तशी निकड दिसली नाही. शिवाय ‘वेटलिस्ट नाही, पुढच्या महिन्यात सुरू’ अशी जाहिरात करणाऱ्या खासगी प्रशिक्षण संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिची क्रेडिट तुमचे काउन्टी कॉलेज स्वीकारते का, हे त्या संस्थेला न विचारता कॉलेजलाच विचारा. माझ्या ओळखीतल्या एकीने हा प्रश्न अभ्यासक्रम संपल्यावर विचारला आणि ए अँड पी पुन्हा पहिल्यापासून केले.

संस्था कुठलीही असो, दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एक म्हणजे तिला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, कारण ती नसेल तर एन्क्लेक्सला बसण्याचीच अडचण येते. दुसरी म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचे अधिस्वीकरण. कम्युनिटी कॉलेजांच्या बाबतीत ते बहुधा ए.सी.ई.एन. या संस्थेचे असते, आणि ते नसेल तर पुढे बी.एस.एन.ला प्रवेश घेताना दारे बंद होऊ शकतात. एन्क्लेक्सचा पहिल्या प्रयत्नातला उत्तीर्णतेचा आकडा सगळे सांगतात. तुम्ही त्याच्याबरोबर आणखी एक आकडा विचारा: पहिल्या सत्रात किती जणी होत्या आणि त्यांतल्या किती वेळेत पदवीपर्यंत पोहोचल्या? निम्म्या गळाल्या असतील तर उरलेल्यांचा ऐंशी-नव्वद टक्के निकाल फारसे काही सांगत नाही.

पंधरा महिन्यांच्या बी.एस.एन.बद्दल मी थोडक्यात लिहिते. ज्याच्याकडे आधीच कुठलीही बॅचलर्स पदवी आहे त्याच्यासाठी तो अभ्यासक्रम असतो. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठे पूर्ण बॅचलर्स मानतात, काही मानत नाहीत, आणि पूर्वतयारीचे विषय तिथेही आधी करावेच लागतात. त्या पंधरा महिन्यांत आठवड्याचे पाचही दिवस वर्ग किंवा वॉर्ड, संध्याकाळी अभ्यास, असे चालते. पंचविशीतल्या, घरची जबाबदारी नसलेल्या मुलीला तो शोभतो. तुमच्या घरी दोन मुले आहेत आणि पत्रात सासू-सासरे किंवा आई इथे येऊन राहण्याचा उल्लेख नाही. कर्ज काढून घेतलेल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात नापास होणे किती महाग पडते, हे यजमानांच्या सहकाऱ्यांनी कदाचित पाहिलेले नसावे.

नापास होणे म्हणजे काय, हे स्वतःच्याच उदाहरणाने सांगते. पहिल्या सत्रात कौशल्य-प्रयोगशाळेत आम्हाला एका पुतळ्यावर मूत्रनलिका घालून दाखवायची होती. मी पाकीट उघडले, निर्जंतुक कापड पसरले, हातमोजे कुठेही स्पर्श होऊ न देता चढवले, आणि नलिका उचलताना माझ्या स्वेटरची बाही कापडाच्या कडेला पुसटशी लागली. मला ते कळलेही नाही. बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, ‘थांबा, तुमच्या रुग्णाला जंतुसंसर्ग झाला.’ पुढच्या आठवड्यात मी अर्ध्या बाहीचा सदरा घालून गेले. औषधाच्या मात्रेच्या गणिताची परीक्षाही तशीच असते, अनेक ठिकाणी तिच्यात ९० टक्क्यांच्या खाली उत्तीर्ण करत नाहीत. आपले गणित चांगले असते, त्यामुळे चूक गणितात होत नाही, वाचण्यात होते: रुग्णाचे वजन १५४ दिलेले असते, आपण ते किलो समजतो, आणि ते असतात पौंड, म्हणजे ७० किलो. मात्रा दुपटीहून जास्त होते. बहुतेक अभ्यासक्रमांत एक विषय एकदाच पुन्हा करता येतो, दुसऱ्यांदा नापास झाल्यास नाव कमी होते.

म्हणून तुमच्या आईंचा प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. होय, बेडपॅन उचलावा लागतो, आणि एम.एस्सी. असलात तरी उचलावा लागतो. त्यात काय दिसते हेच तर परिचारिकेने पाहायचे असते: मलाचा रंग डांबरासारखा काळा आला तर जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शंका घेऊन डॉक्टरांना ताबडतोब कळवणारी व्यक्ती तीच. आईंना हे सांगून पाहा. मात्र परक्या माणसाच्या शरीराला हात लावणे आपल्याला जमते का, हे तुम्हालाही आज ठाऊक नाही, आणि ते चार वर्षांच्या शेवटी कळून उपयोग नाही. यासाठी सी.एन.ए., म्हणजे प्रमाणित नर्सिंग साहाय्यकाचे प्रशिक्षण घ्या. केंद्राच्या नियमाप्रमाणे ते किमान ७५ तासांचे असते, न्यू जर्सीत ९० तासांचे आहे. त्यातले प्रत्यक्ष कामाचे तास वृद्धाश्रमात होतात, जिथे सकाळी सात वाजता एखाद्या आजींना अंथरुणातच अंघोळ घालायची, त्यांचे कवळीचे दात धुवायचे आणि त्या तुम्हाला आपली मुलगी समजून रागावल्या तरी हात थांबवायचा नाही. इतके करून घरी आल्यावर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावेसे वाटले, तर ए अँड पीची फी भरा. न वाटल्यास थोडे पैसे आणि काही आठवडे गेले, एवढेच.

कागदपत्रांपैकी दोन बाबी आपल्या लोकांना हमखास अडतात. वॉर्डात जाण्यापूर्वी पार्श्वभूमी तपासणी, लसींचे दाखले आणि क्षयरोगाची चाचणी लागते. लहानपणी आपल्याला बी.सी.जी. टोचलेली असते, तिच्यामुळे त्वचेवरची चाचणी काही वेळा कारण नसताना सकारात्मक येते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढचे सोपस्कार सुरू होतात. म्हणून पहिल्यापासून रक्ताची आय.जी.आर.ए. चाचणी मागा, तिच्यावर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांचे गावाकडचे दाखले मिळत नसतील तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून चालते.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. नर्सिंगचा परवाना आणि कामाचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. तुमचा आजचा कामाचा परवाना यजमानांच्या ग्रीन कार्डच्या अर्जावर, म्हणजे त्यांच्या कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर होण्यासारख्या टप्प्यावर, अवलंबून आहे. त्यांची नोकरी बदलली किंवा नूतनीकरण लांबले तर आर.एन. असूनही तुम्हाला वॉर्डात उभे राहता येणार नाही. इस्पितळ स्वतःहून एच-वन बी देईल ही आशा धरू नका. साध्या आर.एन.च्या पदासाठी बॅचलर्स पदवी सक्तीची नसल्यामुळे तो व्हिसा त्या पदाला सहसा मिळत नाही. चार वर्षांचा आराखडा आखण्यापूर्वी यजमानांसोबत बसून ही तारखांची बाजू एकदा वकिलाकडून समजून घ्या. त्या सल्ल्याची फी एका विषयाच्या फीपेक्षा कमीच असेल.

राहता राहिली तुमची नणंद. तिचा मार्ग तुमच्याहून अगदी वेगळा आहे आणि तिने काउन्टी कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात करण्याची बहुधा गरज नाही. जी.एन.एम. झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेला आपल्या शिक्षणाचे मूल्यमापन करून घेऊन एखाद्या राज्याच्या बोर्डाकडे थेट एन्क्लेक्स-आर.एन.साठी अर्ज करता येतो, आणि त्या परीक्षेची केंद्रे भारतातही आहेत. बोर्ड बघते ते वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालरोग, प्रसूती आणि मानसोपचार या शाखांतले वर्गातले आणि वॉर्डातले तास. एखाद्या शाखेत ते कमी भरले तर तेवढाच विषय कॉलेजात करायला सांगतात, आणि कम्युनिटी कॉलेज तिच्या उपयोगी पडलेच तर त्या वेळी पडेल. परीक्षा उत्तीर्ण होणे वेगळे आणि व्हिसा मिळणे वेगळे, हे तिलाही सांगा: भारतात जन्मलेल्यांची रोजगाराधारित ग्रीन कार्डची रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे आज अर्ज करून पुढच्या वर्षी विमानात बसण्याचे कुणी आश्वासन देत असेल तर त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत. तिने सध्या एकच काम करावे. आपल्या नर्सिंग शाळेत स्वतः जाऊन विषयवार तासांचा तक्ता आणि गुणपत्रिका यांच्या शिक्क्यानिशी प्रती मिळवाव्यात. शाळा बंद पडली, जुने प्राचार्य निवृत्त झाले, दप्तर सापडत नाही, अशा कारणांनी अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि ते दप्तर सांगलीतच शोधावे लागते, एडिसनमध्ये बसून नाही.